दोन एक्स असूनही ताईचा फॅक्टर कमी कसा?

विभावरी_स

माझ्या भाच्याला तीव्र हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) आहे. तो अगदी तान्हा असताना कळलं. तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य सगळ्यांना पाठ झालंय : "आई नुसती वाहक असते, तिला स्वतःला काही होत नाही." ताईलाही हेच सांगण्यात आलं होतं. मध्यंतरी तिची अक्कलदाढ काढली आणि रक्त थांबता थांबेना. शेवटी तिचाच फॅक्टर ८ (रक्त गोठवणारं प्रथिन, हिमोफिलिया ए मध्ये हेच कमी असतं) तपासला, तर सरासरीच्या २८ टक्केच निघाला! पाळीतला अतोनात रक्तस्राव ती वयात आल्यापासून 'असतं एकेकीचं' म्हणत सोसत आलीये, त्याचाही आता उलगडा होतोय.

मला या सगळ्याचा राग आलाय, पण इथे विचारतेय ते समजून घ्यायला. शाळेत शिकलो ते एवढंच की बाईला दोन एक्स आणि पुरुषाला एक एक्स, एक वाय. ताईचा एक एक्स बिघडलेला, दुसरा धड. निरोगी पुरुषाचं एका धड एक्सवर भागतं, मग ताईचं का भागत नाही? आणि उलट बाजूने पाहिलं तर, जिचे दोन्ही एक्स धड आहेत तिच्यात पुरुषाच्या दुप्पट फॅक्टर का नसतो? हे फक्त फॅक्टर ८ चं आहे की एक्सवरच्या सगळ्याच जनुकांचं?

जाणकारांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

प्राजक्ती

ताईंना आता बरं आहे ना? धागा वाचतेय. दुपटीचा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, आता डोक्यातून जाणार नाही.

गुणसूत्री

विभावरी, दुपटीचा प्रश्न आधी घेते, कारण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

एक्स हे चांगलं मोठं गुणसूत्र आहे. साधारण साडेपंधरा कोटी बेस-जोड्या (डीएनएची अक्षरं) आणि प्रथिनं बनवणारी आठशेहून जास्त जनुकं. वाय त्यामानाने अगदीच रिकामा. २०२३ मध्ये तो पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण वाचला गेला तेव्हा प्रथिनं बनवणारी १०६ जनुकं मोजली गेली, आणि त्यातही बरीचशी एकाच जनुकाच्या प्रती. आता एक्सवर असतं काय? रक्त गोठवणारे फॅक्टर, स्नायूंमधलं डिस्ट्रोफिन, डोळ्यातली लाल-हिरव्याची रंगद्रव्यं, मेंदूच्या वाढीची कितीतरी जनुकं. यात 'बायकी' काहीच नाही, हे दोघांनाही सारख्याच मात्रेत लागतं. बाईच्या पेशीत दोन्ही एक्स पूर्ण चालले असते तर शेकडो प्रथिनांचं प्रमाण बिघडलं असतं. म्हणून सस्तन प्राण्यांच्या मादीत प्रत्येक पेशी एक एक्स बंद करून टाकते.

१९४९ मध्ये मरे बार आणि इवर्ट बर्ट्राम यांना मांजरांच्या चेतापेशी बघताना केंद्रकात एक गडद ठिपका दिसला, फक्त माद्यांमध्ये. हीच 'बार बॉडी'. हा ठिपका म्हणजे आवळून गुंडाळलेला एक अख्खा एक्स, हे १९५९ मध्ये सुसुमु ओहनो यांनी दाखवलं. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या केसांच्या रंगावरून पुढचं मांडलं, आणि इथेच तुमच्या ताईचा संबंध येतो. भ्रूण अगदी लहान, थोड्याशा पेशींचा असताना प्रत्येक पेशी आपापला एक एक्स बंद करते. कोणता, ते यदृच्छेने ठरतं : कुठे आईकडून आलेला, कुठे वडिलांकडून आलेला. एकदा ठरलं की त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या सगळ्या पेशी तोच एक्स बंद ठेवतात, आयुष्यभर. प्रत्येक स्त्रीचं शरीर असं दोन प्रकारच्या पेशींचं मिश्रण असतं.

म्हणजे ताईंचा धड एक्स सगळ्या पेशींत चालू नाहीये. काही पेशींत फक्त धड एक्स चालू, काहींत फक्त बिघडलेला. फॅक्टर ८ मुख्यतः यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी बनवतात. त्यांतल्या निम्म्या पेशींत धड एक्स चालू असेल तर फॅक्टर ५० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि वाहक स्त्रियांची सरासरी साधारण तीच असते. पण सुरुवातीला निवड करणाऱ्या पेशी मोजक्याच असल्यामुळे वाटणी दर वेळी निम्मी-निम्मी होत नाही. कुणाची ७०-३०, कुणाची त्याहून एकांगी. बिघडलेल्या एक्सच्या बाजूला कलली की आकडा २८ वर येतो.

मिहिर_पा

पेशीला कळतं कसं की आपल्याकडे दोन एक्स आहेत आणि एकच बंद करायचाय? आणि बंद करतं कोण?

गुणसूत्री

@मिहिर_पा, बंद करणारं जनुक त्या एक्सवरच असतं. नाव झिस्ट, १९९१ मध्ये सापडलं. त्यापासून आरएनए बनतो, पण त्या आरएनएचं प्रथिन कधीच होत नाही. तो ज्या एक्सवर तयार होतो त्यालाच लपेटत जातो आणि जनुकं मिटवणाऱ्या प्रथिनांना तिथे बोलावतो. चालू राहणाऱ्या एक्सवर झिस्ट गप्प असतं. मोजणीचं म्हणाल, तर पेशी एक एक्स चालू ठेवते आणि उरलेले बंद करते. त्यामुळे एक्सएक्सवाय पुरुषांतही एक बार बॉडी दिसते, आणि तीन एक्स असलेल्या स्त्रीत दोन.

सुईदोरा

मी हिमोफिलियाच्या रुग्णांसोबत नर्स म्हणून काम करते. विभावरी, तुमचा राग अगदी रास्त आहे. "वाहकाला काही होत नाही" हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यांच्याच बाळंतपणातला, दाढेचा, पाळीचा रक्तस्राव पाहिलाय. २०२१ मध्ये इंटरनॅशनल सोसायटी ऑन थ्रोम्बोसिस अँड हिमोस्टेसिसने याबाबत स्पष्ट भूमिका घेतली : फॅक्टर ५ ते ४० टक्क्यांच्या मधे असेल तर त्या स्त्रीला सौम्य हिमोफिलिया आहे असंच म्हणायचं, नुसतं वाहक नाही. तुमच्या ताईला २८ टक्क्यांवर हे निदान लागू होतं. ते कागदावर येऊ दे. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी, दात काढण्याआधी तो कागद दाखवायचा.

विभावरी_स

सुईदोरा, हे ताईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे मी उगाच कुरकुर करत नव्हते."

गुणसूत्री, खूप आभार. आत्ता कुठे चित्र नीट दिसायला लागलं.

चष्मिष

मी लाल-हिरवा रंगांधळा आहे आणि मला दोन मुली. थोरलीने शाळेतून येऊन विचारलं, "बाबा, मला पण होणार का?" तिला काय सांगू?

आडवाट

@चष्मिष, मुलींना तुमचा एक्स मिळालाच आहे, त्याशिवाय त्या मुली झाल्याच नसत्या. तेव्हा दोघीही वाहक, आणि त्यांच्या आईकडून धड एक्स आलेला असेल तर रंग नीट दिसतील. मुलगा असता तर त्याला तुमचा वाय गेला असता आणि तुमच्या रंगांधळेपणाचा त्याच्याशी काही संबंध उरला नसता. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे साधारण ८ टक्क्यांना असतं आणि बायकांत अर्ध्या टक्क्याला. या तफावतीचं कारण हेच.

गुणसूत्री

आडवाट यांच्या उत्तराला एक जोड. वडिलांचा एक्स मुलीकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो. वडिलांकडे दुसरा एक्स नसल्यामुळे अदलाबदल करायला जोडीदारच नाही, फक्त टोकाचा छोटासा भाग वायशी देवाणघेवाण करतो. आईचे दोन्ही एक्स मात्र आपापसांत तुकडे बदलून मग पुढे जातात. म्हणून सख्ख्या बहिणींचा वडिलांकडचा एक्स एकच असतो, आणि तो त्यांच्या बाबांच्या आईकडून आलेला असतो. मुलाचं आपल्या बाबांच्या आईशी एक्सचं काही नातं नाही.

त्रैराशिक

अवांतर पण राहवत नाही. पुरुषाचा एक्स कुठून आला हे मागे मागे मोजत जा. आधीच्या पिढीत एकच व्यक्ती (आई). त्याआधी दोन (आईचे आईवडील). मग तीन, मग पाच, मग आठ. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज, म्हणजे फिबोनाची! चार पिढ्यांमागे पूर्वज सोळा असले तरी एक्स देऊ शकणारे पाचच.

प्राजक्ती

त्रैराशिक, तुम्ही स्वयंपाकाच्या धाग्यावरही फिबोनाची शोधाल. :)
पण हे खरंच सुंदर आहे.

मिहिर_पा

मांजरांचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागूबाईंना मान द्या. काळी-केशरी-पांढरी आहे, आणि सगळे सांगतात की असे तिरंगी मांजर मादीच असतं. हेच कारण का?

गुणसूत्री

हेच. केशरी रंगाचं जनुक एक्सवर आहे. एका एक्सवर केशरी आणि दुसऱ्यावर बिनकेशरी प्रत असलेली मादी म्हणजे अंगावर नकाशा : जिथे केशरीवाला एक्स चालू तिथे केशरी ठिगळ, जिथे बंद तिथे काळं. पांढऱ्याचं जनुक वेगळं. २०२५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की केशरी रंगामागे एआरएचजीएपी३६ या जनुकाजवळचा सुमारे पाच हजार बेसचा गळालेला तुकडा आहे. बोका असा तिरंगी निघालाच तर तो बहुतेकदा एक्सएक्सवाय असतो.

याहून गमतीचं म्हणजे २००१ मध्ये टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात जगातलं पहिलं मांजराचं क्लोन जन्माला आलं. मूळ मांजर रेनबो तिरंगी, पण पिल्लू सीसी काळपट पट्ट्यांचं आणि पांढरं. केशरीचा मागमूस नाही! ज्या एका पेशीपासून क्लोन केलं तिच्यात केशरीवाला एक्स बंद होता, आणि तो बंदच राहिला.

मिहिर_पा

भागूबाईंना कळवलं. तिने पाठ फिरवली.

आडवाट

माहिती उत्तम आहे, पण एका गोष्टीवर माझा आक्षेप. या चर्चेचा सूर असा लागतोय की स्त्री-पुरुषांच्या जनुकांचं काम वेगळं चालतं ते एक्समुळे. एक्स म्हणजे एकूण डीएनएच्या पाचेक टक्के. त्यातला दुसरा एक्स तर तुम्हीच म्हणता बंद. मग उरलं काय? वायवरचं एसआरवाय जनुक (१९९० मध्ये सापडलेलं) भ्रूणात वृषण घडवतं, वृषण टेस्टोस्टेरॉन सोडतात, आणि पुढचं सगळं संप्रेरकं करतात. १९९१ मध्ये एक्सएक्स उंदराच्या भ्रूणात ते एक जनुक घातलं आणि नर जन्मला. एवढं पुरेसं नाही?

उंबरठा

आडवाट, एवढं पुरेसं असतं तर माझी मुलगी वेगळी असती. तिला टर्नर सिंड्रोम आहे. एकच एक्स, म्हणजे एकूण गुणसूत्रं ४६ ऐवजी ४५. दुसरा एक्स बंदच असतो तर तो नसल्याने काही बिघडायला नको होतं. पण उंची खुंटली, वाढीचं संप्रेरक टोचावं लागलं, अंडाशय नीट घडले नाहीत, हृदयाची तपासणी नियमित. आणि एकच एक्स असलेले बहुतेक गर्भ तर जन्मापर्यंत पोचतच नाहीत. जन्मलेल्या मुलींत साधारण दोन ते अडीच हजारांत एक. माझी त्यातली एक. आता कॉलेजला आहे, हट्टी आहे, आणि तिला स्वतःचं गुणसूत्रचित्र कुणापेक्षाही चांगलं समजतं.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं की बंद एक्स पूर्ण बंद नसतो. त्यावरची काही जनुकं चालू राहतात आणि त्यांच्या दोन प्रती लागतातच. उंचीचं शॉक्स जनुक त्यातलंच. ते एक्सवरही असतं आणि वायवरही, म्हणून मुलग्यांनाही दोन प्रती मिळतात. माझ्या लेकीला एकच.

प्राजक्ती

उंबरठा, तुमच्या लेकीला माझं खूप खूप प्रेम सांगा. हट्टी असणं कामी येतं.

गुणसूत्री

उंबरठा यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. २००५ मध्ये लॉरा कॅरेल आणि हंटिंग्टन विलार्ड यांनी माणसाच्या एक्सवरची जनुकं तपासली तेव्हा सुमारे १५ टक्के जनुकं बंद एक्सवरूनही चालू होती, आणि आणखी १० टक्क्यांच्या आसपास काही स्त्रियांत चालू, काहींत बंद. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात हा आकडा किमान २३ टक्के आला. अशी निसटलेली जनुकं बाईत दोन प्रतींतून बोलतात. दुप्पट नाही, कारण बंद बाजूचा आवाज सहसा बारीक असतो, पण पुरुषापेक्षा जास्त.

@आडवाट, संप्रेरकांचा वाटा मोठा आहे यात वादच नाही. पण तुमचा उंदीर पुढे नेला गेला. एसआरवाय वायवरून काढून दुसऱ्याच साध्या गुणसूत्रावर बसवलं, तर चार प्रकारचे उंदीर मिळतात : वृषणवाले एक्सएक्स, वृषणवाले एक्सवाय, आणि तसेच दोन अंडाशयवाले. मग जननग्रंथी काढून टाकून पाहिलं तरी एक्सएक्स उंदरांत चरबी जास्त साठते. तिथे संप्रेरकांकडे बोट दाखवता येत नाही. पुढे त्यामागे केडीएम५सी हे निसटणारं जनुक असल्याचं दिसलं : मादीत त्याची मात्रा एका प्रतीवर आणली की वजन आणि चरबी घटली.

आडवाट

चार प्रकारच्या उंदरांचा प्रयोग पटण्यासारखा आहे. पण बाकीच्या ९५ टक्के जीनोमचं काय? तिथे तर दोघांकडेही सारख्याच प्रती.

गुणसूत्री

प्रती सारख्या, वापर सारखाच असेल असं नाही. २०२० मध्ये जीटेक्स प्रकल्पात (माणसाच्या कुठल्या ऊतीत कोणतं जनुक किती चालतं ते मोजणारा) ४४ प्रकारच्या नमुन्यांत पाहिलं गेलं, तर ३७ टक्के जनुकांचं काम कुठल्या ना कुठल्या ऊतीत स्त्री-पुरुषांत वेगळं निघालं. त्यातली बहुतेक एक्स-वायवर नाहीतच. मात्र हे नीट वाचा : बहुतेक फरक छोटे आहेत, आणि दोन पुरुषांमधला फरक त्याहून सहज मोठा असू शकतो. 'पुरुषी जनुकं' आणि 'बायकी जनुकं' असे दोन गठ्ठे यातून निघत नाहीत. एक्स-वायवरची काही जनुकं इतर जनुकांना चालू-बंद करणारी असतात, शिवाय संप्रेरकं असतातच. दोन्ही मिळून इतर गुणसूत्रांवर परिणाम होतो.

धुकं

मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. बायकांत तो पुरुषांच्या नऊपट दिसतो असं निदानाच्या दिवशीच ऐकलं. यात एक्सचा हात आहे का?

गुणसूत्री

आहे, आणि इथे पुरावे चांगले आहेत. टीएलआर७ नावाचं प्रतिकारशक्तीचं जनुक एक्सवर आहे आणि स्त्रियांच्या काही बी पेशींत (प्रतिपिंडं बनवणाऱ्या रक्तपेशी) ते दोन्ही एक्सवरून चालतं. एक्सएक्सवाय पुरुषांत ल्युपसचं प्रमाण एक्सवाय पुरुषांच्या साधारण १४ पट, म्हणजे बायकांच्या जवळपास. त्यांची संप्रेरकं पुरुषांची, तरीही! २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने आणखी एक बाजू दाखवली : झिस्टच्या आरएनएला चिकटलेली प्रथिनंच शरीर शत्रू समजू लागतं. नर उंदरांत झिस्ट चालू केलं आणि ल्युपससारखा आजार घडवला, तर तो माद्यांइतकाच तीव्र झाला.

धुकं

संप्रेरकांवर इतकी वर्षं एवढं वाचलं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

त्रैराशिक

पुन्हा अवांतर : एक्स बंद करणं हा एकच तोडगा नाही. फळमाशीत नर आपला एकुलता एक्स दुप्पट वेगाने चालवतो. सी. एलेगन्स या कृमीत दोन एक्सवाले दोन्ही एक्स निम्म्यावर आणतात. कांगारूंमध्ये निवड-बिवड काही नाही, सरसकट वडिलांचा एक्स बंद. पक्ष्यांत एक्स-वायऐवजी झेड-डब्ल्यू असतात, दोन सारखी (झेड-झेड) नराकडेच, आणि तिथे मात्रा जुळवणं बरंच अर्धवट, जनुकागणिक वेगळं.

चष्मिष

आणि वाय? आमच्या बिचाऱ्या वायचं कुणीच काही विचारत नाही.

सुईदोरा

वय वाढलं की पुरुषांच्या काही रक्तपेशींतून वाय गळून जातो, आणि सत्तरीतल्या पुष्कळ पुरुषांत हे सापडतं. २०२२ मध्ये उंदरांच्या प्रयोगात असं दिसलं की वाय गमावलेल्या रक्तपेशी हृदयात शिरून तिथे ऊती कडक करतात. तेव्हा वायला बिचारा म्हणू नका, नसला की जाणवतो.

मिहिर_पा

विभावरी, मला वाटतं ताईंची एक्स बंद होण्याची वाटणी रक्तातून तपासून घ्यावी. तशी टेस्ट असते म्हणे. म्हणजे नेमकं किती टक्के कललंय ते कळेल.

सुईदोरा

@मिहिर_पा, यावर माझं मत वेगळं आहे. ती टेस्ट रक्तपेशींतली वाटणी सांगते, फॅक्टर ८ यकृतात बनतो. दोन्हीकडची वाटणी जुळेलच असं नाही. शिवाय रक्तपेशींतली वाटणी वयानुसार एकीकडे सरकत जाते. ताईंच्या उपचारासाठी उपयोगी आकडा एकच : फॅक्टर ८ ची पातळी. तीही पुन्हा मोजायला हवी, कारण ती स्थिर नसते. ताप, ताण, व्यायाम यांनी चढते. गरोदरपणात बरीच चढते, आणि बाळंतपणानंतर झपाट्याने खाली येते. तेव्हाचा रक्तस्राव सगळ्यात धोक्याचा. आणि ओ रक्तगट असलेल्यांचा फॅक्टर ८ मुळातच इतरांपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी असतो.

विभावरी_स

ताईचा रक्तगट ओ आहे!!

गुणसूत्री

मग २८ मध्ये त्याचाही वाटा धरा. सगळं खापर एक्सच्या वाटणीवर नको.

विभावरी_स

आता माझे स्वतःचे प्रश्न. ताईला नऊ वर्षांची मुलगीही आहे. आणि मी ताईची सख्खी बहीण. आमच्या घराण्यात आधी कुणालाच हिमोफिलिया नव्हता, आईच्या माहेरीही नाही. मग हे आलं कुठून? आणि आम्ही दोघींनी तपासायचं का?

सुईदोरा

भाचीचा फॅक्टर ८ आधी मोजा, पाळी सुरू व्हायच्या आत. तिला तो एक्स आला असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि आला असेल तर तिची पातळी तिच्या आईसारखीच असेल असं मुळीच नाही. तिच्या पेशींनी आपली निवड वेगळी केलेली असणार. पातळी चांगली आली म्हणून ती वाहक नाही असं ठरत नाही. त्यासाठी भाच्याचं म्युटेशन (जनुकातला नेमका बिघाड) शोधून तेच तिच्यात आहे का ते बघावं लागतं. त्याचा अहवाल आहे का तुमच्याकडे?

विभावरी_स

आहे. त्यावर "इंट्रॉन २२ इन्व्हर्जन" असं लिहिलंय.

गुणसूत्री

हे कळलं ते फार बरं झालं. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये सुमारे ४५ टक्के वेळा हाच बिघाड असतो : जनुकाचा एक भाग उलटा बसतो. आणि तो घडतो जवळजवळ नेहमी पुरुषाच्या शरीरात, शुक्राणू बनताना. मघाशी लिहिलं तसं, तिथे एक्सला जोडीदार नसतो, त्यामुळे तो स्वतःवरच दुमडून आपल्याच सारख्या दिसणाऱ्या तुकड्याशी अदलाबदल करू शकतो. स्त्रीत दुसरा एक्स शेजारी असल्यामुळे हे फारसं होत नाही.

तुमच्या घराण्यात आधी कुणी नाही, तेव्हा एक शक्यता ठळक आहे. तुमचे वडील निरोगी, त्यांचा एक्सही धड. पण ज्या एका शुक्राणूतून ताई झाली त्यात हे उलटणं घडलं. तसं असेल तर आईकडे ते नाही आणि तुमच्याकडे असण्याची शक्यता कमी. दुसरी शक्यता, ते आईकडे आहे आणि तिच्या वडिलांच्या शुक्राणूतून आलंय. मग तुमची शक्यता निम्मी. दोन्हींतलं काय खरं ते आईच्या रक्ताच्या तपासणीतून कळेल. आईकडे नसलं तरी तुमची स्वतःची एकदा करून घ्याच, कारण वडिलांच्या एकाहून जास्त शुक्राणूंत ते असू शकतं.

विभावरी_स

आई तयार आहे. "माझं रक्त घ्या, पण आधी पोरीचं," असं म्हणाली. सोमवारी भाचीचा फॅक्टर, आईची आणि माझी जनुक तपासणी, सगळं एकदमच देतोय. सुईदोरा, नमुना देताना काही पाळायचं असतं का?

सुईदोरा

भाचीला ताप-सर्दी नसेल तेव्हाच द्या, नाहीतर आकडा खोटा चढलेला येईल. धावपळ करून लगेच सुई नको, थोडं शांत बसू द्या. रडारड झाली तरीही आकडा वर जातो, तेव्हा तिला आधी नीट समजावून न्या. रक्तगटही सोबत पाहून घ्या. अहवाल आले की इथे टाका.